बावीस फुटी शिडाच्या बोटीला चाक बसवावं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही निपाणीचे, वय ५८, नुकतेच निवृत्त. गोव्यात एक जुनी २२ फुटी फायबरची शिडाची बोट बघून ठेवली आहे. सुकाणू मागच्या फळीला बाहेरून टांगलेलं, वर ते फिरवायचा लाकडी दांडा, म्हणजे टिलर, आणि सुकाणूचं पातं उथळ पाण्यात वर उचलता येतं. चाचणीला नेलीत तेव्हा दुपारच्या वाऱ्यात टिलर इतका जड लागला की उजवा खांदा नंतर दोन दिवस दुखत होता. दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते हे वहिनींना काही केल्या पटत नाही. विकणारा म्हणतो, वेगळे पैसे द्या, चाक बसवून देतो, मग गाडीसारखी चालेल. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की नौदलाच्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीला चाक आहे, मग आपल्या बोटीला का नको?

माझं मत आधीच सांगते: टिलर ठेवा. पण एवढ्यावर थांबले तर तुमच्या खांद्याचं काहीच झालं नाही. तुमचा खरा प्रश्न ‘टिलर की चाक’ हा नाही. एवढ्या छोट्या बोटीचा टिलर मुळात इतका जड का लागावा, हा आहे. मी बेळगावची. पावसाळा संपला की गोव्यात शिडाच्या बोटी चालवायला शिकवते, आणि शिकवायच्या बोटींची सुकाणू, बिजागऱ्या, दोर यांची दुरुस्तीही मीच करते. ‘टिलर फार जड आहे, चाक बसवू का’ असं विचारणाऱ्यांच्या बोटीवर गेलं की बहुतेक वेळा दोष दोनपैकी एका ठिकाणी सापडतो: सुकाणूच्या पात्यात, नाहीतर शिडांच्या तोलात. चाक बसवल्याने यातलं काहीच दुरुस्त होत नाही. हाताला जाणवायचं तेवढं बंद होतं.

आधी पात्याचं बघू, कारण तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय तिथेच आहे. उचलता येणारं पातं पाण्यात पूर्ण उभं असायला हवं. खाली ओढून धरणारी दोरी ढिली झाली की वेग घेतल्यावर पाणीच पात्याला मागे ढकलतं, आणि ते तिरकं होऊन मागे तरंगत राहतं. वरून बघताना हे कळतच नाही.

हिशेब करून दाखवते. पातं ३५ सेंटीमीटर रुंद, पाण्यात ९० सेंटीमीटर खोल, टिलर १२० सेंटीमीटर लांब असं धरा. बोट ५ नॉटने, म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटरने, चालली असताना अशा पात्यावर आडवा दाब साधारण ६० किलोपर्यंत येऊ शकतो. पातं सरळ उभं असेल तर हा दाब बिजागरीच्या रेषेच्या साधारण ९ सेंटीमीटर मागे काम करतो. म्हणजे टिलरच्या टोकाशी हाताला साडेचार किलो लागतात. आता तेच पातं २० अंश मागे कललं की दाबाचं ठिकाण आणखी १७ सेंटीमीटर मागे सरकतं. एकूण झाले २६. हाताला लागणारं वजन गेलं १३ किलोवर, जवळजवळ तिप्पट. वारा तोच, शीड तेच, बोट तीच. तासभर १३ किलो धरून बसलं की कुणाचाही खांदा दुखेल. यात तुमच्या वयाचा काही दोष नाही.

गोव्याच्या नद्यांच्या मुखाशी आणि कारवारला काळी नदीच्या मुखात वाळूचे पट्टे असतात. पातं एकदा वाळूला टेकतं, वर उचललं जातं, आणि खोल पाण्यात आल्यावर पुन्हा पूर्ण खाली गेलंय की नाही हे कुणी बघत नाही. म्हणून पुढच्या चाचणीला पहिलं काम हे करा: बोट थांबवून मागे वाकून पातं बघा, खालची दोरी घट्ट ओढून बांधा, मग पुन्हा शीड भरा. कित्येकदा सगळी तक्रार इथेच मिटते.

तरीही जड लागलं तर शिडांचा तोल बघायला लागतो. शिडाची बोट वाऱ्यावर कलली की तिचं नाक आपोआप वाऱ्याकडे वळायला बघतं आणि ते सरळ ठेवायला टिलर स्वतःकडे ओढून धरावा लागतो. थोडी ओढ असावी. ती असेल तर बोट जिवंत वाटते, आणि हात सुटलाच तर ती स्वतः वाऱ्याकडे तोंड करून जागच्या जागी मंदावते. प्रश्न किती ओढ, एवढाच. त्यासाठी मी शिकणाऱ्यांना एक सोपं माप देते. १२० सेंटीमीटरचा टिलर मधल्या रेषेपासून चार बोटं सरकलेला असेल तर सुकाणू चारएक अंश वळलेलं आहे, हे उत्तम. एक वीत सरकलेला असेल तर दहा अंशांच्या वर गेलं. मग सुकाणू बोट वळवण्यापेक्षा तिला अडवण्याचंच काम जास्त करतं. हँडब्रेक अर्धा ओढून चोर्ला घाट चढावा तसा प्रकार होतो: गाडी चढते, पण कुठेतरी काहीतरी जळत असतं.

ओढ वितीवर गेली तर शीड कमी करायची वेळ झाली. मोठ्या शिडाची दोरी थोडी सैल सोडा, शिडाच्या कडा ताणून ते सपाट करा, तेवढ्याने नाही भागलं तर रीफ घ्या, म्हणजे शिडाचा खालचा भाग गुंडाळून बांधा. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, हलका आणि पाणी सपाट. दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा चढतो आणि १० नॉटचा १४ कधी झाला ते कळत नाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे १० वरून १४ म्हणजे शिडावरचा दाब जवळजवळ दुप्पट. तुम्ही दुपारीच चाचणी घेतलीत आणि पूर्ण शिडं लावून घेतलीत असं लिहिलंय. विकणाऱ्याला बोट पळून दाखवायची होती, ते समजू शकते. पण बोट १४ नॉटमध्ये पूर्ण शिडांवर जड लागली हा टिलरचा गुन्हा धरता येत नाही.

शिडांच्या तोलाला मी एवढं महत्त्व का देते, ते एका बोटीवरून सांगते. ‘सुहैली’ ही ३२ फुटी बोट आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली. ती घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८ साली इंग्लंडमधल्या फालमथहून निघाले आणि १९६९ च्या एप्रिलमध्ये, ३१२ दिवसांनी, कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आले. असं करणारे ते पहिलेच. वाटेत त्यांचं आपोआप सुकाणू धरणारं यंत्र मोडून पडलं. त्यानंतरचा लांबलचक प्रवास त्यांनी शिडांचा तोल साधून बोट स्वतःच सरळ चालेल अशी व्यवस्था करून केला. माणूस झोपलेला आणि बोट वाटेवर. तोल साधला की सुकाणूला फार काम उरत नाही. मग ते टिलरने धरा, चाकाने धरा, हात दुखत नाही.

आता चाकाविषयी. चाक मुळात वाईट नाही. मोठ्या बोटीवर मीही चाकच मागेन. पण तुमच्या बोटीवर ते काय करेल ते बघा.

चाकाखाली खांब, खांबात साखळी, साखळीला स्टीलची तार, तार वळवणाऱ्या कप्प्या, आणि सुकाणूच्या उभ्या दांड्यावर बसवलेली अर्धचंद्राकृती चकती अशी सगळी मांडणी असते. ही मांडणी सुकाणूचा हा उभा दांडा बोटीच्या पोटातून वर येत असेल तर नीट बसते. तुमचं सुकाणू बाहेर टांगलेलं आहे. तिथे ही चकती सरळ बसतच नाही, काहीतरी जुगाड करावा लागतो. त्यामुळे विकणारा जे बसवून देणार ते बहुधा मोटरबोटीला असते तसली केबल असेल. ती केबल मुळात सुकाणूचा धक्का हाताला पोचू नये म्हणूनच बनवलेली असते. मोटरबोटीला तेच बरोबर, इंजिनच्या पंख्याचा झटका चालवणाऱ्याला बसायला नको. शिडाच्या बोटीला ते घातक, कारण बोट किती कलली, शीड किती जास्त झालं, पातं वाळूला लागलं का, हे सगळं ती टिलरमधूनच तुम्हाला सांगत असते. त्या केबलीत घर्षणही भरपूर. हात सोडला तर सुकाणू जिथे आहे तिथेच अडकून राहतं आणि बोट स्वतः वाऱ्याकडे वळून थांबायची सोय जाते. नवशिक्या नवरा-बायकोंच्या बोटीवरून नेमकी हीच सोय काढून टाकायला मी कधीच सांगणार नाही.

दुसरं, जागा आणि वजन. २२ फुटी बोटीचं कॉकपिट, म्हणजे मागची बसायची जागा, चार माणसांत भरतं. मध्ये खांब आणि चाक आलं की पाय कुठे ठेवायचे हा रोजचा प्रश्न. टिलर नांगर टाकल्यावर वर उचलून बांधता येतो आणि सगळी जागा मोकळी होते. शिवाय खांब, चाक आणि ते धरून उभा असलेला माणूस असं सगळं वजन मागच्या टोकाला येतं. टन-दीड टनाच्या बोटीला ते कळतं. मागची बाजू पाण्यात बसते आणि बोट सुस्त होते.

तिसरं, देखभाल. टिलरच्या बोटीत बघायला आहे काय? दांडा, पातं, दोन बिजागऱ्या, एक बोल्ट. पाच मिनिटांत डोळ्यांनी तपासून होतं. चाकाची तार आतून तुटत जाते. एकेक पातळ तंतू तुटून काट्यासारखा बाहेर येतो आणि जिथे कप्पीवर वळते तिथेच जास्त तुटते, म्हणजे नेमकी हात न पोचणाऱ्या कोपऱ्यात. म्हणूनच चाकाच्या प्रत्येक बोटीवर एक जादा टिलर ठेवावाच लागतो, तार गेली की सुकाणूच्या डोक्यावर बसवायला. तुम्ही शनिवार-रविवारी घाट उतरून येणार, उरलेले पाच दिवस बोट खाऱ्या हवेत एकटी असणार. अशा बोटीत लपलेले भाग जितके कमी तितकं चांगलं.

‘म्हादेई’चं म्हणाल तर ती बोट आपल्याला जवळची वाटणं साहजिक आहे. म्हादेई नदी आपल्या खानापूर तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते, गोव्यात उतरून मांडवी होते, आणि ती बोटही गोव्यातच बांधलेली. तिच्यावर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. पण ती ५६ फुटी, वजन वीस टनांच्या वर. तिच्या सुकाणूवर जो दाब येतो तो निव्वळ दांड्याने पेलायचा तर दांडा इतका लांब करावा लागेल की तो फिरवायला डेकवर जागाच पुरणार नाही. तिथे चाक ही गरज आहे. बोटीच्या लांबीप्रमाणे सुकाणूवरचा भार भराभर वाढत जातो. त्यामुळे साधारण २६ फुटांपर्यंत टिलर, तीसच्या आसपास दोन्ही दिसतात, आणि पस्तीसच्या पुढे बहुतेक चाकच. हा काही नियम नाही. बोट किती जड आहे, सुकाणूचं पातं बिजागरीच्या पुढे थोडं काढून भार हलका केला आहे का, यावरही ठरतं. ‘सुहैली’ तर ३२ फुटांची असून टिलरवर जग फिरून आली.

उद्या तुम्ही तिसाच्या पुढची बोट घेतलीत, सुकाणू पोटातून वर येणारं असलं, किंवा नदीत बहुतेक वेळ इंजिनवरच फिरायचं असं ठरवलंत, तर माझं उत्तर बदलेल. इंजिनवर उभं राहून पुढचं बघत जायला चाक खरंच सोयीचं असतं. डॉक्टरांनी खांद्याचा सांधा खराब आहे, ओढायचं-ढकलायचं नाही असं स्पष्ट सांगितलं असेल, तरीही वेगळा विचार करायला लागेल. पण तेव्हाही त्या केबलपेक्षा टिलरला बसणारा छोटा विजेवरचा पायलट मी आधी सुचवेन. तो एका खिळीवर अडकवला की सरळ वाटेवर टिलर तोच धरतो, आणि नको तेव्हा काढून आत ठेवता येतो.

खांद्यासाठी आणखी दोन गोष्टी. टिलरच्या टोकाला पुढे फिरती काठी जोडलेली असते. तुमच्या फोटोत ती दिसत नाही, ती लावून घ्या. तिच्यामुळे टिलरच्या शेजारी अवघडून न बसता पुढे, वाऱ्याच्या बाजूला कडेवर बसता येतं. तिथून जिबवरचे, म्हणजे पुढच्या लहान शिडावरचे, वारा कसा लागतोय ते दाखवणारे धागेही दिसतात. आणि दांडा खांद्याने ओढू नका. कोपर अंगाजवळ ठेवा, आणि जोर लागला तर कमरेतून मागे झुका. जुना टिलर तुमच्या अंगाला आखूड वाटत असेल तर नवा थोडा लांब करून घ्या. दांडेलीच्या सागवानाच्या पातळ पट्ट्या इपॉक्सीने एकावर एक चिकटवून केलेला टिलर अखंड लाकडापेक्षा कमी तडकतो. आपल्या भागातला कुठलाही चांगला सुतार तो करेल. दहा सेंटीमीटर लांबी वाढली तरी हाताला फरक जाणवतो.

आता वहिनींचं. त्यांना ‘डावीकडे ढकललं की उजवीकडे’ हे सांगूच नका. डावं-उजवं डोक्यात आलं की प्रत्येक वळणाला हिशेब करत बसावं लागतं, आणि घाईत तो चुकतो. मी सगळ्यांना एकच सांगते: दांडा शिडाकडे ढकलला की नाक वाऱ्याकडे, दांडा आपल्याकडे ओढला की नाक वाऱ्यापासून दूर. वारा डावीकडून येवो की उजवीकडून, तुम्ही वाऱ्याच्या बाजूला बसलेले असाल तर हे बदलत नाही. घाबरलात, काही सुचेनासं झालं, तर शिडाकडे ढकला आणि शिडाची दोरी सोडा. बोट थांबेल. आपल्याकडे मात्र उगाच ओढत राहू नका, कारण वारा मागून आला की बूम, म्हणजे मोठ्या शिडाखालचा आडवा वासा, एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला सपकन जातो आणि त्या वाटेत डोकं असता कामा नये. सकाळच्या मतलई वाऱ्यात, फक्त जिब लावून, तासभर वहिनींच्या हातात टिलर द्या. तुम्ही शेजारी गप्प बसा, हे महत्त्वाचं. लहान मुलं ऑप्टिमिस्ट नावाच्या पावणेआठ फुटी बोटीत टिलरवरच शिकतात आणि हात लवकर बसतो. समुद्र लांब असला म्हणून आपल्याला जमणार नाही असंही त्यांनी मनात आणू नये. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर मध्य प्रदेशातली आहे, भोपाळच्या तलावावर शिकलेली.

धक्क्याला लावताना वळत नाही, हीही तुमची एक तक्रार होती. सुकाणूवरून पाणी वाहत असेल तरच ते काम करतं. तुमचं इंजिन मागच्या फळीच्या एका कडेला आहे, त्याच्या पंख्याचं पाणी सुकाणूवर येतच नाही. त्यामुळे अगदी हळू असताना बोट वळत नाही, आणि चाक लावूनही वळणार नाही. तिथे इंजिनच हाताने थोडं वळवायचं. आणि मागे घेताना टिलर दोन्ही हातांनी मध्ये पकडा. उलट्या पाण्याने तो एकदम आडवा फिरतो आणि बरगडीत बसतो.

एक मध्येच सांगते, तुम्ही उन्हाळ्यात बोट हिडकलच्या जलाशयात आणता येईल का असं विचारलंय. आधी पाटबंधारे खात्याची परवानगी. ती मिळाली तरी घटप्रभेचं पाणी उन्हाळ्यात किती उतरतं ते तुम्हाला माहीतच आहे. हुन्नूरचं विठ्ठल मंदिर पाण्याबाहेर येतं. अशा पाण्यात खाली काय आहे ते दिसत नाही, म्हणून तिथे उचलता येणारं पातं आणि दगडाला लागलेलं लगेच हाताला कळवणारा टिलर, दोन्ही हवेतच.

चाकासाठी विकणाऱ्याने जे पैसे सांगितलेत ते त्याला देऊ नका. त्यातल्या थोड्या भागात बेळगावच्या उद्यमबागेत लेथवाल्याकडून बिजागऱ्यांच्या खिळी ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये आणि आतले बुश, म्हणजे खिळीभोवतीच्या नळ्या, नायलॉनमध्ये करून घ्या. जुनी खीळ आणि बुश नमुन्याला सोबत न्या, आणि ३०४ चालेल असं म्हणाले तर नको म्हणा, खाऱ्या पाण्यात त्यावर लवकर गंज धरतो. उरलेल्यात नवी फिरती काठी, पात्याची नवी दोरी आणि मोठ्या शिडाला रीफची नीट सोय.

व्यवहार पक्का करायच्या आधी मात्र बोट किनाऱ्यावर ओढलेली असताना एक बघा. पात्याचं खालचं टोक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. बिजागरीत थोडी खडखड असेल तर ती बुश बदलून जाईल. पण फायबरची मागची फळीच हलत असेल, किंवा बोल्टांभोवती तपकिरी पाणी झिरपलेलं दिसत असेल, तर आतलं लाकूड कुजलेलं असण्याची शक्यता आहे. ते काम मोठं असतं. तसं दिसलं तर किंमत बोलायच्या आधी बोल्टांचा जवळून काढलेला फोटो आणि पात्याची लांबी-रुंदी इथे टाका, मी बघून सांगते.